पाणी वाटणारी गावं

दिवे घाट चढून वर आलं की पुणं मागे पडतं आणि पुरंदरचा उघडा माळ समोर येतो. फेब्रुवारी संपत आला होता. सासवडच्या बाजारात वाटाण्याचा हंगाम ओसरून अंजिराच्या पाट्या दिसू लागल्या होत्या. तिथून पूर्वेकडे वळलो, तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग विरत गेला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथं येईपर्यंत वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. तोही कधी एका आठवड्यात पडून मोकळा होतो, तर कधी महिना-महिना तोंड दाखवत नाही.

एक प्रश्न मनाशी धरून मी निघालो होतो. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, तरीही इथली बहुतेक शेती आजही पावसाच्या भरवशावर आहे. बंधारे, पाझर तलाव, सलग समतल चर, नाला खोलीकरण, शेततळी. पाणी अडवायचे किती तरी प्रकार आपण केले. जलयुक्त शिवार झालं, गावोगाव श्रमदानाच्या स्पर्धा झाल्या. त्या कामांत घाम गाळलेल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण अडलेलं पाणी पुढे कुणाच्या शेतात जातं? कुणाला किती, कोणत्या पिकाला आणि कोणत्या हक्काने, हे कोण ठरवतं? ज्या गावांनी याचं उत्तर आपापल्या परीने शोधलं, त्यांतली काही मला डोळ्यांनी पाहायची होती.

पहिला मुक्काम नायगाव. १९७२च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात आले, तेव्हा शेतकरी, बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडत बसल्या होत्या. त्या हातांनी आपल्याच शिवारात माती आणि पाणी अडवलं, तर पुढच्या दुष्काळात खडी फोडायला जावं लागणार नाही, या विचाराने साळुंखे कामाला लागले. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं, नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली आणि तिथेच बांधबंदिस्ती, पाझर तलाव, खाली विहीर असा प्रयोग मांडला. ज्या माळावर गवतही धड उगवत नव्हतं, तिथे धान्य पिकू लागलं. गावोगावचे शेतकरी बघायला येऊ लागले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

साळुंख्यांचं खरं मोठेपण मला या पंचायतीच्या नियमांत दिसतं. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस, केळी यांसारख्या पाणीखाऊ पिकांना बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो पंचायतीकडे परत येईल. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि वाटप पंचायतीने नेमलेल्या पाटकऱ्याने करायचं.

रस्त्याकडेच्या एका शेतात ज्वारीची काढणी चालली होती. कणसं खुडून बाजूला, कडब्याच्या पेंढ्या एकीकडे. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी पंचायतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आमच्या घरात पाच माणसं, म्हणून अडीच एकराचं पाणी. शेजारचा बारा एकरवाला, त्याच्याबी घरात पाचच. त्यालाबी अडीचच. पयल्यांदा लई कुरकुरला तो. पर उन्हाळ्यात समद्यांच्या घरी भाकरी हाय म्हटल्यावर गप झाला." आता त्यांच्या भागातली उपसा योजना बंद आहे. वीजबिल थकलं, मोटारीची दुरुस्ती कुणी करायची यावर बैठका लांबल्या, पोरं कामाला पुण्याच्या वाटेला लागली. त्यांनी हे कुणाला बोल न लावता सांगितलं. पण चार दशकांमागचा तो नियम मात्र ते पाठ असल्यासारखे म्हणत होते. योजना थांबली, तरी गावाच्या न्यायबुद्धीत नियम शिल्लक आहे, हे पाहून मला बरं वाटलं. २००२ मध्ये साळुंखे गेले. पाणी ही जमिनीची मालमत्ता नाही, माणसांचा हक्क आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. याहून मोठं जमीन सुधारणेचं काम दुष्काळी महाराष्ट्रात मला दिसत नाही.

नायगावहून दौंडमार्गे अहिल्यानगरकडे जाताना शेततळी मोजायची म्हटलं तर मोजता येणार नाहीत इतकी लागली. काळ्या-निळ्या प्लास्टिकच्या कागदाने मढवलेली, कुंपण घातलेली, काठोकाठ भरलेली. मूळ कल्पना पावसाचं वाहतं पाणी साठवायची. पण यांतली कित्येक तळी विहिरीतलं आणि बोअरचं पाणी उपसून भरलेली असतात. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या तळ्यात कोंडायचं आणि उन्हात वाफ होऊ द्यायचं! तळं बांधणाऱ्यालाही मी सर्वस्वी दोष देणार नाही. एका रांजणात प्रत्येकाने आपापली नळी सोडली, की जो सावकाश ओढतो तो उपाशी राहतो. म्हणून प्रत्येक जण घाई करतो. बोअर दोनशे फुटांवरून चारशेवर, चारशेवरून आठशेवर जाते आणि कर्जही त्याच गतीने खोल जातं. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश भारत आहे. तो उपसा म्हणजे अशा लाखो घाईंची बेरीज आहे.

अहिल्यानगरच्या पश्चिमेला डोंगरांच्या कुशीत हिवरे बाजार आहे. त्याची कीर्ती इतकी पसरली आहे की गावात शिरताना माझ्या मनात थोडी शंकाही होती. ती गावामागच्या टेकडीवर चढताना गेली. उतारावर एकाखाली एक सलग समतल चर, त्यांच्या काठाने वाढलेली झाडं, खाली कांद्याची शेतं आणि गोठे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा इथले डोंगर उघडे होते आणि कामासाठी गाव सोडणाऱ्यांची रांग होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पाच गोष्टी गावाने स्वीकारल्या. पाणलोटाची कामं झाली आणि गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. हे सगळं बहुतेकांना माहीत आहे. मला पाहायचा होता तो पाण्याचा ताळेबंद.

गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा हिशेब मांडला जातो, ग्रामसभा बसते आणि त्या हिशेबावर रब्बीची पिकं ठरतात. एका फळ्यापुढे उभं राहून मी वहीत तो हिशेब मांडून पाहिला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. चारशे मिलिमीटर पाऊस पडला तर गावावर ३९० कोटी लिटर पाणी पडतं. आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, काही वाहून शिवाराबाहेर जातं. जमिनीत मुरून विहिरींना मिळतं ते थोडंच. त्यातून आधी माणसांचं पिणं, मग जनावरांचं, मग घरवापर. उरेल ते शेतीला, आणि थोडं पुढच्या वर्षाच्या तजविजीला.

आता हेच गणित पिकाला लावून बघा. गव्हाला सगळ्या पाळ्या धरून हेक्टरी सुमारे चाळीस लाख लिटर लागतात. म्हणजे त्या हेक्टरवर वर्षभरात पडलेला सगळाच्या सगळा पाऊस. पाटाने भिजवलेला ऊस हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी पितो. चारशे मिलिमीटरच्या मुलखात एक हेक्टर ऊस उभा असेल, तर त्याने आपल्याबरोबर आणखी चार हेक्टरांचा अख्खा पाऊस गिळलेला असतो. हे एकदा फळ्यावर लिहिलं, की ऊसबंदी कुणाची हेकेखोरी वाटत नाही. हिवरे बाजारात ऊस आणि केळीला बंदी आहे, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, बाहेरच्याला जमीन विकायला बंदी आहे. पाऊस कमी झाला, त्या वर्षी गहू मागे पडतो आणि ज्वारी-हरभरा पुढे येतो.

चहाच्या टपरीवर कांदा उत्पादक तरुण शेतकरी भेटला. "दादा, तुम्हांला शेजारच्या गावासारखा ऊस करावासा नाही वाटत?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "वाटतो ना. उसाला भाव ठरलेला, कारखाना येऊन तोडून नेतो. कांद्याचं काय, निर्यातबंदी लागली की रस्त्यावर. पण माझी विहीर मे महिन्यात आटत नाही, त्याचं मोल मला कळतं." या उत्तरात महाराष्ट्राच्या शेतीची सगळी अडचण आली. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार राज्याच्या पीकक्षेत्राच्या अवघ्या चार-पाच टक्के जागेवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा घेतो. शेतकरी अडाणी आहे म्हणून ऊस लावतो, असं जे म्हणतात त्यांनी बाजार समितीत ज्वारीचं पोतं घेऊन एकदा उभं राहावं. ज्या पिकाला खात्रीचा भाव आणि खात्रीचं गिऱ्हाईक आहे, ते पीक माणूस लावणारच. हिवरे बाजारने त्या मोहाला गावाच्या नियमाने आणि दुधाच्या जोडधंद्याने तोंड दिलं. दरवेळी नियमानेच मोह आवरायचा, ही गावावर लादलेली फार मोठी परीक्षा आहे.

नाशिकजवळ ओझरला पोचलो, तेव्हा द्राक्षांची काढणी जोरात होती. बागांत क्रेट रचलेले, बायका कात्रीने घड हळुवार कापून कागदावर मांडत होत्या. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं हे शेपूट. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी पाटभर पाणी घ्यावं आणि शेपटाकडच्यांनी कोरडी चारी बघत बसावं, हा सगळ्या महाराष्ट्राचा अनुभव. ओझरच्या शेतकऱ्यांनी मात्र या शेपटापासूनच सुरुवात केली. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास त्यांना एकत्र केलं. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणी वापर संस्था निघाल्या. पुढे लाभक्षेत्रभर संस्था झाल्या, २००३ मध्ये त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि सगळ्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्यामागे ओझरच्या अनुभवाचं बळ होतं.

एका चारीवर पाटकरी होते, त्यांच्यामागून मी कालव्याच्या भरावावरून चालत गेलो. चारी जिथं कालव्यातून फुटते, तिथं सिमेंटचा एक अरुंद गळा बांधलेला आहे आणि त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली आहे. गळ्यातून पाणी किती उंचीने वाहतं, त्यावरून सेकंदाला किती पाणी गेलं ते कळतं. पाटकऱ्यांनी वाकून पट्टी पाहिली, घड्याळ पाहिलं, खिशातली छोटी वही काढून आकडा लिहिला. दाराचं चक्र अर्धा फेरा फिरवलं, थोडं थांबले, पुन्हा पट्टी पाहिली, पुन्हा लिहिलं. सगळ्या जलनीतीचं सार मला त्या वहीत दिसलं. इथं पाणी एकरावर दिलं जात नाही, मोजून घनमीटरवर दिलं जातं. धरणात जितकं पाणी, त्यातला संस्थेचा ठरलेला वाटा. संस्थेत सभासदाचा ठरलेला वाटा. त्या वाट्यात त्याने द्राक्ष लावावं की गहू, हा त्याचा प्रश्न. पाळी शेपटाकडून सुरू होते आणि तोंडाकडे येते.

मोजून मिळालं, की माणूस जपून वापरतो. ठिबक बसवलेल्या बागा इथं सगळीकडे आहेत. कालव्याचं थोडं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडतात, ते मुरून विहिरींना येतं आणि पाळ्यांच्या मधल्या दिवसांत बाग तगते. नायगावने पाणी माणसावर वाटलं, हिवरे बाजारने पिकावरून राखलं, ओझरने मापाने दिलं. तीनही ठिकाणी पाणी अडवण्याला वाटपाच्या नियमाची जोड मिळाली. ओझरची एक उणीव मात्र मला जाणवत राहिली. वाटा इथं लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या मालकाला मिळतो. बागेत कात्री चालवणाऱ्या, दिंडोरी-पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून आलेल्या आदिवासी मजूर बायांचा त्यात वाटा नाही. ज्या डोंगरांवरचा पाऊस नाशिकच्या धरणांत साठतो, त्याच डोंगरांत उन्हाळ्यात झऱ्यावर हंड्यांची रांग लागते. इथं साळुंख्यांचा भूमिहीनाच्या हक्काचा नियम मला पुन्हा आठवला.

शेवटचा टप्पा खानदेशचा. सटाण्याजवळ आरम नदी, ताहाराबादला मोसम, डाव्या हाताला दूर मुल्हेर-साल्हेरची डोंगरधार, आणि घाट उतरून पिंपळनेरला पांझरा. या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीत दगडी बंधारा, तिथून निघणारा पाट, पाटाच्या खालची जमीन म्हणजे थळ. थळाचे साधारण चार फड. एका फडात एका वेळी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भात किंवा बाजरी, एखादा पडीक. दर वर्षी पिकं फिरतात. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. पाणी कमी असलं की पंच बसून एखादा फड कोरडा ठेवायचं ठरवतात. मग तोटा सगळ्यांना सारखा. तोंडाचा आणि शेपटाचा हा भांडणाचा मुद्दाच इथल्या जमिनीच्या मांडणीत मिटवून टाकला आहे. पाटकरी, जागल्या, हवालदार यांच्या नेमणुका गावच्या, बंधाऱ्याची डागडुजी गावची.

मी गेलो तो बंधारा दगड-चुन्याचा, तिरपा बांधलेला. नदीच्या खडकाचा जिथं नैसर्गिक उंबरा होता, तोच पाया म्हणून धरलेला. पाणी घोट्याएवढं होतं. पाटाच्या तोंडाशी गाळ आणि पालापाचोळा अडकला होता, तो एक गृहस्थ फावड्याने ओढून काढत होते. विचारलं तर अहिराणीत म्हणाले, "पानी गावनं शे, एकलानं नही." त्यांच्या मागे काठावर मोटारींचे पाइप थेट नदीत सोडलेले दिसत होते. वर धरणं झाली, काठाला विहिरी आल्या, ज्याला त्याला आपल्या मनासारखं पीक हवं झालं. फडाची शिस्त काही थळांवर टिकून आहे, काही ठिकाणी मोडली आहे.

याच पांझरेवर १८८४ मध्ये एका तरुण अभियंत्याने आपलं पहिलं महत्त्वाचं काम केलं. नदीच्या प्रवाहाखालून पाण्याची वक्रनलिका टाकण्याचं ते काम, आणि अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकं ठरावीक गटांत फिरवण्याची ब्लॉक पद्धत आणली. खानदेशातली फड पद्धत त्यांनी जवळून पाहिलेली होती, आणि दोन्हींमागचं तत्त्व एकच आहे. सरकारने गावाकडून शिकायचं असतं, याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे.

या प्रवासानंतर माझं मत पक्कं झालं आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. पाणी अडवायला आपल्याकडे यंत्रं आहेत, निधी आहे, उत्साह आहे. कमतरता आहे ती वाटपाच्या नियमाची आणि तो पाळायला लावणाऱ्या गावसंस्थेची. नियमाशिवाय झालेला बंधारा ज्याच्या हातात मोठी मोटार आहे त्याचाच होतो. भूजलाचा कायदा राज्याने २००९ मध्ये केला. २०१९ पासून अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या गावांनी पाण्याचं अंदाजपत्रक करायचं ठरलं. म्हणजे कागद तयार आहेत. ते ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी व्हायच्या आधी, ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत आणि त्यावर पिकं ठरली पाहिजेत. त्या सभेत भूमिहीन आणि बाया मागे उभ्या राहून चालणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात सर्वांत दूर त्याच चालतात. ज्या गावाने वाटपाचा नियम लिहिला आणि पाळला, त्याला नव्या कामासाठी निधी आधी मिळावा. आणि त्या गावाने ऊस सोडून ज्वारी, हरभरा, तूर लावली, तर ती हमीभावाने घेण्याची जबाबदारी सरकारने उचलावी. कमी पाणी पिणाऱ्या पिकाला उसाइतकी खात्री मिळाली, तर हिवरे बाजारसारखा निग्रह गावोगाव मागावा लागणार नाही. साध्या माणसांनाही साध्या हिशेबाने पाणी जपता येईल.